सॅलॅमँडरच्या चाळीस ओळी

प्राणिकोशाच्या सातव्या खंडातली आपली नोंद तपासायला सॅलॅमँडर एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी साडेदहाला फलटणच्या कार्यालयात आला, आणि वेळेवर आला.

लोणंदपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने, असा प्रवासाचा शेवटचा टप्पा त्याने दुधाच्या कॅनमधून केला होता. कंडक्टरने वय विचारलं, त्याने एकाहत्तर सांगितलं, आणि त्याला ज्येष्ठ नागरिकाचं तिकीट मिळालं. ते ओलं तिकीट कॅनच्या झाकणाला चिकटलेलं होतं.

प्राण्यांनी स्वतः येऊन प्रुफं तपासायची, ही आमच्या मंडळाची पहिल्या खंडापासूनची पद्धत आहे. नोंद ज्याची, सही त्याची. त्याच महिन्यात साळिंदर दोन दिवस राहून गेलं होतं आणि ‘काटे फेकून मारते’ हे वाक्य काढायला लावल्याशिवाय उठलं नव्हतं. ससा उभ्याउभ्या सही करून गेला. सुसरीने नोंद न वाचताच सही केली. वाचून दाखवू का, असं तिला कोणी विचारलं नाही. मी भाषा-संपादक आहे. वाक्यं सरळ करणं एवढंच माझं काम. प्राण्यांतलं मला काही कळत नाही. प्राणी हेमांगीकडे होते.

हेमांगी माझी पत्नी. ‘स’च्या एकशे बारा नोंदी तिने लिहिल्या. आदल्या वर्षी पौषात ती गेली. तिचं मेज माझ्या मेजासमोर आहे. त्यावर तिचा चष्मा, टाचण्यांची डबी आणि दोऱ्याने बांधलेला प्रुफांचा गठ्ठा तिने ठेवला तसा होता. त्या जागेवर झेरॉक्स मशीन ठेवायचं असा ठराव जानेवारीत झाला होता. मशीन आलंही होतं. ते खोक्यासकट दाराशी उभं होतं आणि आम्ही सगळे अंग चोरून त्याच्या बाजूने जात-येत होतो.

आमचे शिपाई मदनेमामा आत आले.

“सर, पाव्हणं आल्यात. गार पाणी मागत्यात. मी पितळंचं घंगाळ काढलं, घासून, चिंच लावून. तर नको म्हणत्यात.”

“तांब्यापितळेचं मला सोसत नाही,” कॅनमधून आवाज आला. “आपला अपमान करायचा नाही. प्लास्टिकचा टब असला तर बरा.”

“पाव्हण्याला पलास्टिकच्या टबात बसवायचं? शोभतं व्हय?”

“शोभतं,” सॅलॅमँडर म्हणाला.

टबात तो नीट दिसला. वीतभर लांब, अंगाचा रंग आपल्या तळहातासारखा. मानेच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे लाल तुरे. पुढच्या पायांना तीन बोटं, मागच्यांना दोन. डोळे होते, पण त्यांच्यावर कातडी आली होती. त्याचं घराणं बाल्कन प्रदेशातल्या डोंगरांच्या गुहांमधल्या पाण्यात राहतं आणि तिथे डोळ्यांचं काम पडत नाही. उजेडाचा मात्र त्याला त्रास होत होता. कार्यालयात अंधारी जागा एकच होती. मी आधी टब माझ्या मेजाखाली ठेवायला सांगितलं, पण माझ्या मेजाला नुसते पाय आहेत. हेमांगीच्या मेजाला तिन्ही बाजूंनी फळ्या आहेत. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि टब तिच्या मेजाखाली गेला.

“मला दिसत नाही,” तो म्हणाला, “त्यामुळे वाचून दाखवावं लागेल. आणि मला पाण्यातून जास्त नीट ऐकू येतं. कपाळ टबाच्या कडेला टेकवलंत तर बरं होईल.”

मी फरशीवर बसलो, कपाळ टेकवलं आणि नोंद वाचली. नोंद सहा ओळींची होती.

“पुढे?”

“एवढीच आहे.”

“मला आलेल्या पत्रात चाळीस ओळी आहेत. आमच्या गुहेशी येणाऱ्या पाहणी-पथकातल्या एका बाईंनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. ‘तुमच्याविषयी चाळीस ओळी लिहिल्या आहेत. काही खटकलं तर जरूर या.’ खाली सही आहे, हेमांगी रणवरे. खटकण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. चाळीस ओळी ऐकायच्या म्हणून मी आलो.”

मी कार्यवाहांना बोलावलं. मुकुंद भाटवडेकर सज्जन माणूस आहे. खंड अकरा वर्षं रखडला आहे आणि तो आपल्या कारकिर्दीत निघावा, एवढीच त्यांची इच्छा आहे. त्यांनी खुर्ची ओढून मेजाखाली तोंड करून नियम सांगितला.

“नियम नऊ. महाराष्ट्रात न आढळणाऱ्या प्राण्याला सहा ओळी. हेमांगीबाईंना आम्ही तेव्हा सवलत दिली होती. आता त्या नाहीत. नियम चौदाप्रमाणे दिवंगत लेखकाच्या नोंदीत मंडळाला संक्षेप करता येतो. फक्त आपली सही लागते.”

“ज्या चौतीस ओळी काढल्या, त्या मला ऐकायच्या आहेत,” सॅलॅमँडर म्हणाला.

“त्या आता नोंदीत नाहीत.”

“म्हणूनच ऐकायच्या आहेत.”

भाटवडेकरांनी माझ्याकडे पाहिलं. “रणवरे, गठ्ठ्यात असतील. बघा तुम्ही. जमत असेल तर.”

सव्वा वर्षात तो गठ्ठा मी सोडला नव्हता. दोऱ्याची गाठ तिने मारली होती. मी ती नखाने सोडवली. कात्री समोर होती, पण गाठ सोडवली.

मग कपाळ टेकवून वाचायला सुरुवात केली. तिने लिहिलं होतं की दोन हजार वर्षं ग्रंथकार एकमेकांचं पाहून लिहीत आले, सॅलॅमँडर आगीत राहतो आणि आग विझवतो. त्यांपैकी एकालाही त्याला पाण्यात पाहण्याची सवड झाली नाही. पुरात गुहांतून वाहून आलेल्या या फिकट जिवांना लोक डोंगरातल्या राक्षसी सर्पाची पिल्लं समजत. एका विद्वानाने दगडातला एका मोठ्या सॅलॅमँडरचा सांगाडा पाहून हा प्रलयात बुडालेला पापी माणूस आहे असं छापलं, आणि पंच्याऐंशी वर्षांनी दुसऱ्याने दगड कोरून पुढचे पाय दाखवले तेव्हा कुठे त्या माणसाचा सॅलॅमँडर झाला.

“तो आमच्यातला नव्हे,” टबातून आवाज आला. “पण लांबचा नातेवाईक. पुढे.”

पुढे तिने त्याचे कल्ले, त्याची बोटं, दहा वर्षं अन्नाशिवाय राहण्याची त्याची ताकद हे सगळं लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं: ‘इतर सॅलॅमँडर कल्ले टाकून जमिनीवर येतात. हा येत नाही. म्हणून त्याला अपुऱ्या वाढीचा म्हणण्याची प्रथा आहे. प्रथा चुकीची आहे. तो पाण्यातच मोठा होतो.’

शेवटच्या चार शब्दांवर लाल रेघ होती. रेघ माझी होती. आशय आधी आला आहे, पुनरुक्ती, असं मी समासात लिहिलं होतं. रेघेखाली तिने हिरव्या शाईने टिंबं दिली होती. प्रुफांत खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली की त्याचा अर्थ ‘तसंच ठेवा’ असा होतो. आमच्या घरात भाजीच्या यादीतही ही खूण चाले. हे प्रूफ तिने पौषातच माझ्याकडे परत द्यायला म्हणून गठ्ठ्यात बांधलं असणार. मी ते पाहिलंच नव्हतं.

“शेवटचं वाक्य पुन्हा,” सॅलॅमँडर म्हणाला.

मी पुन्हा वाचलं, आणि त्यावर मी लाल रेघ मारली होती हेही सांगितलं.

“माझ्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय,” तो म्हणाला. “सगळ्यांनी मला कशाचं तरी पिल्लू केलं. अपूर्ण तर सगळेच म्हणाले. मी सहा ओळींवर सही करणार नाही.”

“मग नोंदच गाळावी लागेल,” भाटवडेकर शांतपणे म्हणाले. “सही नसेल तर नोंद नाही. हाही नियमच आहे.”

“महाराष्ट्रात आढळणं म्हणजे काय, याचा नियम आहे?”

“आहे. नऊ ब. एकाच ठिकाणी, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत, नोंदणीकृत निरीक्षकाने रोज पाहिलेला असावा.”

“मी आत्ता कुठे आहे?”

भाटवडेकर म्हणाले, “फलटणला.”

“ऋतू कोणता?”

“उन्हाळा,” मदनेमामा दारातून म्हणाले. “चांगला एकेचाळीसचा.”

“मग मी आढळायला सुरुवात केली आहे,” सॅलॅमँडर म्हणाला.

भाटवडेकर उठले. “निरीक्षक कुठून आणणार? उभयचरांच्या निरीक्षक बाईच होत्या.”

“मी होईन,” मी म्हणालो.

“तुम्ही? रणवरे, तुम्ही बेडूक कुठला आणि भेक कुठला हे अजून मदनेंना विचारता.”

“ह्यो बेडूक न्हाई, एवढं त्यास्नी कळतंय की,” मामा म्हणाले.

नियमात निरीक्षकाला लिहिता यावं एवढीच अट होती. मी अर्ज भरला. अनुभवाच्या रकान्यात ‘एकोणतीस वर्षं, विवाहाने’ असं लिहिलं, आणि भाटवडेकरांनी शिक्का मारला. माणूस नियमाच्या बाहेर जात नाही, ही त्यांची मला आवडणारी गोष्ट.

मग मी रोज साडेदहाला फरशीवर बसून पाहू लागलो आणि हेमांगीच्या कोऱ्या वह्यांमधल्या एका वहीत लिहू लागलो. ‘आढळला. कल्ले लाल. बोलला.’ पहिला आठवडा बर्फ आणून पाणी गार ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात दिवसाची वीज जाऊ लागली आणि बर्फाचा कारखाना बंद पडला. मेच्या चार तारखेला सकाळीच पाणी कोमट लागलं. त्याचे तुरे फिके पडले होते आणि तो एका कुशीला कलला होता. मी वहीत ‘आढळला’ लिहिलं आणि पुढचं काही सुचेना.

दुपारी मी सहा ओळींचं प्रूफ घेऊन त्याच्याजवळ बसलो.

“सही करा,” मी म्हणालो. “संध्याकाळच्या गाडीने तुम्हाला पाठवतो. पुण्याहून पुढची सोय होईल. चौतीस ओळींसाठी जीव द्यायचं कारण नाही.”

“तुम्ही ती लाल रेघ मारलीत तेव्हा हेमांगीबाईंनी काय केलं?”

“टिंबं दिली. ‘तसंच ठेवा’ची.”

“भांडल्या?”

“नाही. टिंबं दिली फक्त.”

“मग माझ्याकडून सही कशी मागता?” त्याचा आवाज क्षीण होता, पण त्यात विनंती नव्हती. “मी दहा वर्षं न खाता राहिलो आहे, रणवरे. एका मे महिन्याची काय मिजास. ते प्रूफ माझ्या पाण्यावर धरू नका. शाई उतरेल.”

मी प्रूफ बाजूला केलं. मदनेमामा हे सगळं ऐकत उभे होते. ते सायकल घेऊन गेले आणि दोन तासांनी टेम्पोतून परतले. टेम्पोत त्यांच्या आईचा रांजण होता. गिरवीच्या त्यांच्या घरात तो अर्धा जमिनीत पुरलेला होता आणि तिथून तो उकरून आणला होता. सोबत पहार, चार पोती नदीची वाळू आणि ओली गोणपाटं.

“आई काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हनली, पाव्हणा तहानलेला जाऊ ने. आन् म्हनली, बाईंनी माझ्या शेळीचं नाव पुस्तकात घातलं हुतं. कुठलं पुस्तक म्या इचारलं न्हाई.”

हेमांगीच्या मेजाखालच्या दोन शहाबादी फरश्या मामांनी पहारीने उचलल्या. खड्डा घेतला, रांजण गळ्यापर्यंत पुरला, भोवती वाळू भरली आणि ओली केली. आवाज ऐकून भाटवडेकर आले.

“मदने! ही मंडळाची फरशी आहे!”

“व्हय सायेब. फरशी कुठं पळाली न्हाई. भिंतीला उभी हाय.”

“परवानगी कोणाची?”

“आधी सोडू का पाव्हण्याला, का आधी परवानगी काढू? तुमी सांगाल तसं.”

भाटवडेकर खाली वाकले. सॅलॅमँडर टबात कुशीवर होता. ते बराच वेळ वाकूनच राहिले. मग म्हणाले, “आधी सोडा,” आणि परवानगीचा अर्ज टाइप करायला गेले.

रांजणाच्या तळाशी तो संध्याकाळभर निश्चल होता. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी कपाळ काठाला टेकवलं. रांजण बाहेरून पाझरत होता, कपाळ गार झालं. आतून आवाज आला, “चौथी ओळ परत वाचा. आगीची. आज ऐकायला बरी वाटेल.”

मी वहीत लिहिलं, ‘आढळला. हसला असावा.’

पावसाळ्यात भाटवडेकरांनी अचानक तपासणी केली. तसा त्यांचा अधिकारच होता. त्यांनी रांजणावरचं झाकण काढलं आणि आत बॅटरीचा झोत सोडला. सॅलॅमँडर तळाच्या वाळूत शिरला. भाटवडेकरांनी कागदावर लिहिलं, ‘आढळला नाही,’ आणि ते मोठ्याने वाचलं.

“चूक आहे,” रांजणातून आवाज आला. “असं लिहा, प्रकाश सहन होत नाही, म्हणून दिसला नाही.”

“न दिसलेल्या प्राण्याचं म्हणणं मला नोंदवता येणार नाही.”

“तेच तर दोन हजार वर्षं चाललंय,” तो म्हणाला. “न पाहता लिहिता येतं, ऐकून मात्र लिहिता येत नाही.”

भाटवडेकरांनी बॅटरी बंद केली. अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबले. मग जुनं वाक्य खोडून ‘आढळला. तक्रार केली’ असं लिहिलं.

याच दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीचा सांगलीहून फोन आला. “अनंतदादा, ते मेज अजून हलवलं नाहीस म्हणे. किती दिवस धरून बसणार? माणसाने पुढे जायला हवं.” मी तिला सांगितलं की मेजाखाली सॅलॅमँडर आढळतो आहे आणि अजून हिवाळा व्हायचा आहे. ती म्हणाली, “बरं. मग थंडीत अंगावर घेत जा.”

ती थंडी चांगली पडली. रांजणातलं पाणी त्याला आवडेल इतकं गार झालं आणि तो काठाशी येऊन बोलू लागला. मला त्याच्याकडून कळलं की साळिंदराने आपली नोंद अजून दोनदा मागवली होती. त्यानेही माझ्याकडून काही विचारून घेतलं. हेमांगीचा आवाज कसा होता, हे त्याने विचारलं तेव्हा मी वहीची पानं चाळत बसलो. मग तो म्हणाला, “चाळीस ओळी वाचताना तुमचा आवाज शेवटी खाली येतो. तो त्यांचा असेल तर मला माहीत आहे.” त्या दिवशीच्या वहीत फक्त ‘आढळला’ एवढंच आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीन ऋतू पुरे झाले. मंडळाची बैठक झाली. दोनशे पंच्याहत्तर दिवसांच्या नोंदी भाटवडेकरांनी स्वतः मोजून सादर केल्या, आणि एका सदस्याने ‘हा तर आणलेला प्राणी’ असं म्हटलं तेव्हा त्यांनीच उत्तर दिलं की प्राणी स्वतःच्या तिकिटाने आला आहे. तिकीट फायलीला जोडलं आहे. चाळीस ओळी कायम झाल्या. उलट एक ओळ वाढली, कारण महाराष्ट्रात आढळणाऱ्या प्राण्याचं आढळस्थान द्यावंच लागतं.

त्यानंतर भाटवडेकर माझ्या मेजाशी आले. हातात नियमांचं पुस्तक होतं. चेहरा नेहमीसारखाच होता.

“रणवरे, नियम बावीस. आढळस्थानातली कोणतीही वस्तू हलवता येत नाही. यादी करावी लागेल.”

आम्ही दोघांनी यादी केली. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मेज एक. रांजण एक. चष्मा एक. टाचण्यांची डबी एक. दोरा. यादीखाली त्यांनी शिक्का मारला आणि मामांना झेरॉक्स मशीन जिन्याखाली न्यायला सांगितलं. मामा म्हणाले, “कवाचंच तिथं न्यायचं हुतं,” आणि वर्षभरात पहिल्यांदा आम्ही दारातून सरळ चालत आत आलो.

फेब्रुवारीत शेवटचं प्रूफ आलं. मी फरशीवर बसलो आणि कपाळ काठाला टेकवलं. चाळीस ओळी वाचल्या. लाल रेघ नव्हती, वाक्य जागेवर होतं: ‘तो पाण्यातच मोठा होतो.’ मग एक्केचाळीसावी वाचली: ‘महाराष्ट्रात: फलटण, हेमांगी रणवरे यांच्या मेजाखाली. बारमाही.’

“बरोबर आहे,” सॅलॅमँडर म्हणाला. “कुठे सही करू?”

त्याला शाई चालत नाही. त्याने पुढचा पाय काठावर आणला आणि मी धरलेल्या कागदावर तीन बोटं टेकवली. पाण्याची तीन टिंबं उमटली. ती वाळण्याआधी मी त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल काढले. अशा सहीबद्दल नियम नव्हता. भाटवडेकरांनी त्याच दिवशी केला.

“आता काही राहिलं?” त्याने विचारलं.

“एक रकाना आहे. परतीची तारीख.”

“त्यात काय लिहिलंय?”

“काही नाही. कोरा आहे.”

“कागद जवळ आणा,” तो म्हणाला. मी आणला. त्याने चाचपून कोरा रकाना शोधला आणि त्याच्याखाली, प्रुफात टिंबं देतात तशी, पुन्हा तीन बोटं टेकवली.

मी टिंबांभोवती पेन्सिल फिरवली. मग वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं, ‘आढळला.’